चष्म्यावरची तिरीप

सातवीच्या मराठीच्या वह्या तपासत होतो. एका वहीच्या शेवटच्या पानावर माझंच चित्र सापडलं. दाढी माझी, खिशातला लाल पेन माझा, हातातला खडूही माझा. चष्मा मात्र दोन पांढऱ्याफटक वर्तुळांचा. आत डोळे नाहीत. प्रत्येक वर्तुळावर एक तिरपी रेघ, बाजूला ठिणगी उडाल्यासारख्या चार रेषा आणि ओठांवर बारीकसं हसू. खाली उर्दूत लिहिलं होतं, 'सर को सब पता है.'

आधी राग आला, मग वाईट वाटलं. इतकी वर्षं शिकवतोय आणि पोरांना माझे डोळेच दिसत नाहीत की काय? मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. तो भेदरलेला. मी वही उघडून विचारलं, "माझे डोळे कुठे गेले?" पाच-दहा सेकंद गप्प राहून तो म्हणाला, "सर, यात तुम्ही वाईट नाही. डेंजर आहात."

वाईट आणि डेंजर यांतला फरक त्याने मला पुढच्या दहा मिनिटांत समजावून सांगितला. जपानी ॲनिमेमध्ये चष्मा घातलेल्या माणसाच्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या की समजायचं, त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. तो बोलतोय एक आणि करणार आहे दुसरंच. "तुम्ही खिडकीजवळ उभे राहून वर्गाकडे बघता ना सर, तेव्हा अगदी तस्संच होतं. मग आम्हाला कळतं, आता कुणाला तरी उभं करणार."

त्या शनिवारी दौंडला घरी गेलो तेव्हा मुलीला म्हटलं, मला हे सगळं दाखव. मुलांच्या पिढीला यात नवल नाही. डोरेमॉनमधला चष्मेवाला नोबिता हिंदीत बोलत त्यांच्या घरात लहानपणापासूनच येतो. पुढे मोबाईलवर 'नारुतो' आला, 'डिटेक्टिव्ह कोनान' आला. 'नारुतो'मधला काबुतो पहिल्या भेटीत मदतीला धावणारा, गोड बोलणारा. पण बोटाने चष्मा वर सरकवतो, काचा चमकतात आणि पाहणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. पुढे कळतं की तो हेर आहे. १९९५ साली जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'मध्ये गेंडो इकारी नावाचा बाप आहे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून तोंडासमोर धरलेली आणि वर चष्म्याच्या दोन कोऱ्या काचा. स्वतःच्या पोराला तो लढाईत ढकलतो, पण त्याच्या मनात काय आहे हे ना पोराला कळत ना आपल्याला. तोंड हातांनी झाकलेलं, डोळे उजेडाने झाकलेले.

उजेडाने डोळे झाकता येतात, ही युक्ती मला फार आवडली. आपण अंधाराला भितो, इथे भीती घालायला उजेड वापरलाय.

यात चित्रकाराचा हिशेबही असणार. डोळे हलते दाखवायचे तर बुबुळं, पापण्या, भुवया पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. पांढरी तबकडी एकदा काढली की झालं. काम वाचतं आणि परिणाम दुप्पट होतो. कारण समोरच्या माणसाचा अंदाज आपण डोळ्यांवरून घेतो. बी.एड.ला असताना आमच्या सराव पाठांवर मार्गदर्शक शेरे लिहायचे. माझ्या पाठ टाचणावर एक शेरा हमखास असायचा, 'नेत्रसंपर्क कमी'. मी विद्यार्थ्यांकडे बघत होतो, अगदी मागच्या बाकापर्यंत. पण ट्यूबलाइट माझ्या काचांवर पडत होती हे ना मला कळलं ना मार्गदर्शकांना. कळलं ते वीसेक वर्षांनी, सातवीतल्या पोराला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. मराठीतला 'चष्मा' फारसीतून आला. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा आणि 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झराही. उर्दूत चष्म्याला 'ऐनक' म्हणतात, त्यात अरबी 'ऐन' आहे, म्हणजे पुन्हा डोळाच. दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं 'चश्म-ए-बद दूर', वाईट डोळा लांब राहो. सई परांजपे यांच्या १९८१ सालच्या सिनेमाचं नाव तिथूनच आलं. 'नजर' तर मराठीने इतकी आपलीशी केली की तिचा पासपोर्ट कुणी विचारत नाही. नजरकैद, नजरचूक, वाकडी नजर. आणि नजर लागणं. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका आमच्या आळीत सगळ्याच घरांत लावला जायचा, त्यात अमुक धर्माचं तमुक धर्माचं असं नव्हतं.

नजर लागते म्हणताना आपण असं धरून चालतो की डोळ्यातून काहीतरी बाहेर पडतं आणि समोरच्याला जाऊन चिकटतं. हा समज अडाण्यांचा नाही. युक्लिड आणि टॉलेमी या ग्रीक पंडितांनीही डोळ्यातून किरण निघतात असं मानलं होतं. आपल्याकडच्या न्यायदर्शनातही डोळ्याचं तेज वस्तूपर्यंत पोहोचतं अशीच मांडणी आहे. हे उलटं करून दाखवलं इब्न अल्-हैसम यांनी. जन्म बसऱ्याचा, काम कैरोत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'किताब अल्-मनाझिर'मध्ये त्यांनी सप्रमाण मांडलं की डोळा काही फेकत नाही. उजेड वस्तूवर पडतो, तिथून डोळ्यात येतो, म्हणून दिसतं. या ग्रंथाचं पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झालं आणि युरोपातल्या प्रकाशशास्त्राला त्याचा मोठा आधार मिळाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे बनू लागले.

म्हणजे चष्म्याच्या काचेवर जी चकाकी दिसते ती चष्मेवाल्याच्या मनातून आलेली नसते. ती खिडकीतून आलेली असते. दिवा कुठे ठेवलाय त्यावर ती अवलंबून असते. ॲनिमे मात्र आपल्याला पुन्हा हजार वर्षं मागे नेतं आणि भासवतं की आतला डाव काचेतून बाहेर चमकला.

ही कला जपान्यांचीच असं समजू नका. ती आपल्या पुणे जिल्ह्यातही होऊन गेली आहे, फक्त चष्म्याशिवाय. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. याच नव्या स्टुडिओत शांताराम यांनी १९३४ साली 'अमृतमंथन' केला. राजा क्रांतिवर्मा नरबळी आणि पशुबळी बंद करतो. देवीचा राजगुरू चवताळतो आणि राजाच्या खुनाचा कट रचतो. या राजगुरूची दहशत दाखवायला शांताराम यांनी तलवार वापरली नाही. टेलिफोटो भिंग लावून राजगुरूचा डोळा पडदाभर मोठा केला. वळवळणारं बुबुळ आणि त्यावरचा उजेडाचा ठिपका. हे दृश्य आजही सिनेमाचे अभ्यासक काढून दाखवतात.

आता यातली गंमत पाहा. 'अमृतमंथन' दोन भाषांत निघाला. हिंदीतला राजगुरू होता चंद्रमोहन, घाऱ्या आणि मोठ्या डोळ्यांचा, त्याचा हा पहिलाच बोलपट. मराठीतला राजगुरू होते केशवराव दाते. भाषा बदलली की डोळेही बदलले, भीती तीच. पुढे काय झालं? १९३९ साली सोहराब मोदींच्या 'पुकार'मध्ये चंद्रमोहन न्यायी बादशहा जहांगीर झाला. तेच घारे डोळे, पण आता त्यांत न्यायाचा पेच. आणि केशवराव दाते १९३७ च्या 'कुंकू'मध्ये काकासाहेब झाले. तरुण मुलीशी लग्न करून बसलेले आणि शेवटी स्वतःची चूक उमगून खचून गेलेले म्हातारे वकील. ज्या डोळ्यांना पाहून लोक दचकले होते, त्याच डोळ्यांची त्यांना कीव आली. डोळे बदलले नव्हते. गोष्ट बदलली होती, दिव्याची जागा बदलली होती.

या कंपनीतले शेख फत्तेलाल कागलचे. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. प्रभातचे देखावे, महाल, मंदिरं त्यांच्या हातची, 'अमृतमंथन'चं कलादिग्दर्शनही त्यांचंच. दामले आणि त्यांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देवीचं भयाण मंदिर उभं करणारा आणि तुकोबाचं देहू उभं करणारा माणूस एकच. त्याच्या नावावरून कुणी अंदाज बांधायला गेलं असतं तर दोन्ही वेळा चुकलं असतं.

शांताराम डोळ्यांना विसरले नाहीत. १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' आला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे भिंतींशिवायचा तुरुंग चालवण्याचा प्रयोग झाला होता, त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा लिहिली. सहा खुनी कैद्यांना एक जेलर माळरानावर घेऊन जातो. बेड्या नाहीत, पहारा नाही. कैदी पळू पाहतात, पण जेलरचे दोन डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत आणि ते परत फिरतात. मी हा सिनेमा लहानपणी दौंडला शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शनवर पाहिला. बाहेर यार्डात डब्यांची आदळआपट चाललेली आणि आत आम्ही पंधरा-वीस पोरं सतरंजीवर. 'अमृतमंथन'मधला डोळा माणसाला खुनाकडे ढकलतो, 'दो आँखें'मधले डोळे खुन्याला परत माणसांत आणतात. दिग्दर्शक एकच, मधली वर्षं तेवीस.

इथवर मामला पडद्याचा होता. पण अशी खूण पडद्यावरून उतरून रस्त्यावर येते तेव्हा काय होतं, याचा धडाही जपानच्याच वाट्याला आला. दुसऱ्या महायुद्धात जपानचे पंतप्रधान जनरल तोजो गोल चष्मा लावत. अमेरिकेतल्या व्यंगचित्रांनी आणि भित्तिपत्रकांनी तो चष्मा उचलला, त्याला पुढे आलेले दात जोडले आणि सगळ्या जपान्यांचा एकच चेहरा तयार केला. गोल काचा दिसल्या की कपटी, दगाबाज. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत राहावं लागलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिकच होते. दुकानदार, शेतकरी, शाळेत जाणारी पोरं. हे केवळ चित्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याला गाडीत बसवून नेत असताना बाकीच्यांना फारसं वावगं वाटलं नाही, यात त्या चित्रांचा हात होताच.

म्हणून जपानी ॲनिमेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे चकाकी कुणा एका जातीच्या, एका वेशाच्या माणसाला कायमची चिकटवलेली नाही. कोनान हा तर गोष्टीचा नायक, लहान पोरगा. चष्मा त्याने स्वतःची ओळख लपवायलाच घातलाय. गुन्ह्याचा धागा सापडला की त्याच्याही काचा चमकतात. उलट 'ब्लीच'मधला आयझेन बघा. मऊ बोलणारा, चष्म्याआडून प्रेमळपणे बघणारा कप्तान. तो खरा कोण हे उघड होतं तेव्हा तो चष्मा काढून हातात चुरडून टाकतो. म्हणजे चष्म्यावरून माणूस ओळखता येतो असं समजून बसलात तर फसाल, हेही तेच शिकवतात. चकाकी त्या क्षणाची असते, माणसाची नव्हे.

आपल्या सिनेमात मात्र काही खुणा माणसाला कायमच्या चिकटल्या. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. असा माणूस पडद्यावर आला की त्याने तोंड उघडायच्या आधीच थिएटरला कळतं, गोदामातला माल याचाच. माझी दादी रोज सकाळी पितळी सुरमादाणीतून सुरमा घालायची. तिच्या डोळ्यांत मी फक्त एकच कट पाहिला, ईदचा शीरखुर्मा आमच्यापासून लपवून शेजारच्या काकूंच्या पोरांसाठी बाजूला काढायचा.

गेल्या उन्हाळ्यात शिरूरच्या एसटी स्टँडवर भर दुपारी उभा होतो. माझ्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत. गाडी आली, चढलो, एका गृहस्थाशेजारी जागा मिळाली. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकले. मी 'राम राम' म्हणालो, त्यांनी मान हलवली न हलवल्यासारखी केली. गाडी हलली. पाच-सात मिनिटांत सावलीत माझ्या काचा हळूहळू पांढऱ्या झाल्या. ते माझ्याकडे वळून बघतच राहिले. "अरे, सर तुम्ही! माझी पोरगी होती की तुमच्याकडं. काळा चष्मा, दाढी… म्हटलं कोण बसलंय कुणास ठाऊक." ते मोकळेपणाने हसले. मीही हसलो. त्यांनी पिशवीतून पेरू काढून दिला, तो मी खाल्ला. माणूस चांगला. पुढे दौंडपर्यंत मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. पण ती पाच-सात मिनिटं मी त्यांच्या शेजारी दुसराच कुणीतरी होतो आणि तो कोण होता ते मला ठाऊक आहे. सिनेमात मी त्याला बऱ्याचदा पाहिलंय.

आता हे लिहून स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवायचं तर ते खोटं ठरेल. ज्या पोराने चित्र काढलं, तो मागच्या बाकावर बसतो. केस तांबडे रंगवलेले, शर्ट बाहेर. जुलैमध्ये मी फळ्याकडे वळलो असताना खडूचा तुकडा येऊन फळ्यावर आपटला. मी मागे वळून काही न विचारता त्यालाच उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसू दिलं नाही. खडू त्याने मारला नव्हता, हे मला आठवड्याने दुसऱ्याच मुलाने सांगितलं. मी त्याला काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्या दिवशी दिवा माझ्या हातात होता आणि मी तो सरळ त्याच्या तांबड्या केसांवर धरला होता. चित्राखालचं 'सर को सब पता है' मी पुन्हा वाचलं तेव्हा ते तितकंसं कौतुकाचं वाटलं नाही.

मधल्या सुट्टीतल्या त्या बोलण्यात मी त्याला खिडकीतून समोरची भिंत दाखवली. तिच्यावर स्वच्छ भारत अभियानाचं चिन्ह रंगवलेलं आहे. गांधीजींचा गोल चष्मा, एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत'. २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी तयार केलेलं हे चिन्ह आता खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर आहे. मी म्हटलं, "यातही दोन वर्तुळं आहेत आणि डोळे नाहीत. मग याची भीती का वाटत नाही?"

त्याने बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, ते कोण आहेत हे आधीच माहीत आहे ना."

याच्यापुढे मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. माहीत असलेल्या माणसाच्या रिकाम्या काचेत आपण त्याचे डोळे स्वतःच भरून घेतो. माहीत नसलेल्याच्या काचेत आपली भीती भरतो. आणि माहीत करून घ्यायचं तर शेजारी बसून पाच-सात मिनिटं बोलावं लागतं, काच पांढरी होण्याची वाट न बघता.

खडूच्या गोष्टीबद्दल त्याची माफी मी तिथेच मागितली. "जाऊ द्या सर," म्हणाला आणि वही घेऊन पळाला. हल्ली मी खिडकीजवळ उभा राहत नाही. फळ्याच्या डाव्या बाजूला, दाराकडे उभा राहतो. तिथे उजेड काचेवर पडत नाही, हे मी एकदा वर्ग रिकामा असताना मोबाईल समोर धरून तपासून घेतलंय. गेल्या आठवड्यात त्याच वहीच्या शेवटच्या पानावर माझं आणखी एक चित्र होतं. काचांवरच्या रेघा तशाच होत्या, पण यावेळी त्यांच्यामागे दोन ठिपके दिले होते. एक ठिपका जरा तिरळा आला आहे. मी त्यावर लाल पेनाने काही लिहिलं नाही.